परतीच्या विहिरी

भूऔष्णिक वीजकेंद्र पाहायला कुणी आलं की त्यांना वाफेची विहीर दाखवली जाते. झडप थोडीशी उघडली तरी पायाखालची जमीन थरथरते, कानांवर हात ठेवावे लागतात आणि पांढरा लोट झाडांच्या वर चढतो. पाहुणे खूश होऊन परततात. त्याच आवाराच्या खालच्या अंगाला, उतारावर, आणखी काही विहिरी असतात. त्यांना ना आवाज, ना वाफ. झाडीतून आलेला, पत्र्यात गुंडाळलेला एक जाड नळ माथ्यावरून विहिरीत उतरतो, एवढंच तिथे दिसतं. वीज तयार झाल्यावर उरलेलं गरम, खारं पाणी या विहिरींतून पुन्हा जमिनीच्या पोटात जातं. फिलिपिन्समधल्या लेयते बेटावर माझी नोकरीची बरीच वर्षं अशाच परतीच्या विहिरी मोकळ्या करण्यात गेली. त्यांच्याबद्दल मराठीत सविस्तर लिहावं असं खूप दिवस मनात होतं, कारण या विजेचं भलंबुरं तिथेच ठरतं अशी माझी खात्री झाली आहे.

मी शिक्षणाने केमिकल इंजिनियर. सुरुवातीची नोकरी पनवेलच्या बाजूला, तेलविहिरींना अ‍ॅसिड देण्याचं काम करणाऱ्या एका सेवा कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. मुंबई हायचा मुख्य तेलसाठा चुनखडीत आहे. चुनखडीच्या तुकड्यावर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड टाकलं की तो डोळ्यांदेखत फसफसतो. विहिरीतही तेच होतं. अ‍ॅसिड खडकालाच खात पुढे जातं, त्यात बारीक वाटा पाडतं आणि तेलाला विहिरीकडे यायला रस्ता मिळतो. अ‍ॅसिड म्हणजे खडक उघडण्याचं साधन, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं ते तिथे. पुढे त्याच अनुभवावर लेयतेतल्या ओर्मोक शहराजवळच्या डोंगरात काम मिळालं आणि पहिल्याच आठवड्यात विहिरीतून काढलेला एक राखाडी, काचेसारखा कठीण पापुद्रा माझ्या हातात आला. त्यावर हायड्रोक्लोरिक टाकलं. काहीच झालं नाही. अ‍ॅसिडविषयीची माझी समजूत त्या दिवसापासून बदलू लागली.

फिलिपिन्सची भूऔष्णिक वीज ही त्या देशाच्या अभिमानाची गोष्ट आहे. १९६७ मध्ये आल्बाय प्रांतातल्या तिवी इथे डॉ. आर्तुरो अल्काराझ यांच्या चमूने जमिनीतल्या वाफेवर एक दिवा पेटवून दाखवला. या कामासाठी अल्काराझ यांना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७९ मध्ये तिवीचं मोठं केंद्र सुरू झालं, १९८३ मध्ये लेयतेतल्या तोंगोनानचं ११२.५ मेगावॅटचं केंद्र आलं आणि पुढे तिथल्या डोंगररांगेत एकामागून एक केंद्रं उभी राहिली. समुद्राखालून टाकलेल्या केबलींमधून ही वीज लुझॉन आणि सेबू या बेटांपर्यंत जाते. देशाची एकूण भूऔष्णिक क्षमता सुमारे १,९०० मेगावॅट आहे. अनेक वर्षं हा देश अमेरिकेच्या खालोखाल जगात दुसरा होता. २०१८ च्या सुमारास इंडोनेशियाने त्याला मागे टाकलं.

एवढ्या विजेमागे पाणी किती असेल, याचा विचार बाहेरचा माणूस सहसा करत नाही. लेयतेसारख्या क्षेत्रात विहिरीतून येतं ते वाफ आणि पाण्याचं मिश्रण. सेपरेटरमध्ये वाफ वेगळी होऊन टर्बाइनकडे जाते. उरतं ते खारं पाणी, ज्याला आम्ही ब्राइन म्हणतो. त्यात मीठ असतं, तसंच बोरॉन आणि आर्सेनिकही असतं. डोंगराखाली भातखाचरं आहेत. हे पाणी ओढ्यात सोडलं तर त्यातल्या बोरॉनने पीक जळेल आणि आर्सेनिक माणसांच्या पोटात जाईल. म्हणून ते जिथून आलं तिथेच परत गेलं पाहिजे.

परत पाठवण्याचं दुसरं कारण खुद्द साठ्याचं आहे. न्यूझीलंडमधल्या वैराकेईचं केंद्र १९५८ मध्ये सुरू झालं आणि कित्येक वर्षं तिथे पाणी फक्त उपसलं गेलं. तिथली जमीन एका ठिकाणी सुमारे १५ मीटर खचली. कॅलिफोर्नियातल्या ‘द गीझर्स’ या प्रचंड क्षेत्राचा दाब १९८० च्या दशकाच्या अखेरीस झपाट्याने उतरला. तेव्हा आसपासच्या गावांचं शुद्ध केलेलं सांडपाणी लांबून नळाने आणून जमिनीत भरायची योजना करावी लागली. १९९७ मध्ये पहिली वाहिनी सुरू झाली, २००३ मध्ये सांता रोझा शहराची. त्या पाण्यावर ते क्षेत्र आजही वीज देतं आहे.

पण पाणी परत पाठवायचं म्हणजे हवं तिथे भोक पाडून ओतायचं, असं चालत नाही. नेग्रोस बेटावरच्या पालिनपिनॉन क्षेत्रात सुरुवातीच्या काळात परत सोडलेलं पाणी भेगांमधून लवकरच उत्पादन विहिरींपर्यंत पोचू लागलं आणि त्या गार पडू लागल्या. विहीर फार जवळ नको, की साठ्याची ऊब जाईल. फार लांबही नको, की दाबाला आधार मिळणार नाही. त्यातच लेयते म्हणजे फिलिपिन्सचा मोठा भूभ्रंश जिथून जातो तो मुलूख. तिथे योग्य जागी, योग्य भेगांना छेदणारी विहीर सापडणं हे ज्ञानाइतकंच नशिबाचंही काम. अशी विहीर एकदा मिळाली की ती सहजासहजी सोडून देता येत नाही. नवी खोदायची तर काही दशलक्ष डॉलर खर्च, जंगलातून नवा रस्ता, डोंगर कापून नवं सपाट आवार. जुनी विहीर पुन्हा मोकळी करण्याचं मोल यावरून लक्षात यावं.

मग ती बंद का पडते? याचं उत्तर सिलिकेत आहे, म्हणजे वाळू आणि काच ज्याची बनते त्या द्रव्यात. जमिनीखाली पाणी २५० अंश सेल्सियसला असलं तर ते आजूबाजूच्या क्वार्ट्झमधून किलोमागे साधारण ४८० मिलिग्रॅम सिलिका विरघळवून घेतं. हे पाणी वर आणून १६० अंशांवर वाफ वेगळी केली, तर त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा वाफ होऊन जातो. सिलिका मात्र मागे राहते आणि तिचं प्रमाण सुमारे ६०० वर जातं. आता खाली बसू पाहणारी सिलिका क्वार्ट्झच्या रूपात येत नाही, तिला तेवढी सवड नसते. ती अस्फटिक रूपात येते आणि त्या रूपात ती पाण्यात जास्त मावते. १६० अंशांना सुमारे ६८०. म्हणजे अजून जागा आहे, पाणी सुखरूप परत जाईल. पण याच पाण्यातून आणखी वाफ काढण्याच्या मोहाने ते १०० अंशांपर्यंत उतरवलं, तर सिलिका ६९० च्या घरात पोचते आणि मावण्याची मर्यादा ३६५ पर्यंत खाली येते. आता जवळपास निम्मी सिलिका पाण्याला जड झालेली असते. ती लगेच बसत नाही. काही मिनिटांत, कधी काही तासांत तिचे कण एकमेकांना धरू लागतात, आणि तोवर पाणी नळातून विहिरीत, विहिरीतून खडकाच्या भेगांत पोचलेलं असतं.

घरातल्या बंबात किंवा गिझरमध्ये बसणारे क्षार आपल्याला ठाऊक आहेत. ते बहुतांशी चुन्याचे, म्हणून लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरनेही सुटतात. सिलिकेवर त्यांचा काही उपयोग नाही. तिला विरघळवणारं अ‍ॅसिड एकच, हायड्रोफ्लोरिक. काचेवर नक्षी कोरायला वापरतात तेच. पहिल्या आठवड्यात माझ्या हातात आलेला पापुद्रा त्यातच विरघळला.

यात एक दिलासा देणारी गोष्ट आहे. परत गेलेलं पाणी खडकात शिरलं की पुन्हा तापू लागतं आणि तापलं की त्याची सिलिका धरून ठेवण्याची ताकद वाढते. त्यामुळे बहुतेक साका विहिरीच्या जवळच, पहिल्या मीटर-दोन मीटरच्या भेगांत बसतो. चहूबाजूंना पसरत जाणाऱ्या पाण्याला सगळ्यांत जास्त अडचणही नेमकी तिथेच होते, कारण तिथे त्याला जायला जागा सर्वांत कमी असते. म्हणून थोडासा साका विहिरीची क्षमता निम्म्यावर आणू शकतो, आणि म्हणूनच थोडंसं अ‍ॅसिड ती परत मिळवून देऊ शकतं. चुनखडीत आम्ही खडकात नवी वाट पाडत होतो. इथे खडकाला शक्यतो धक्का न लावता, त्याने आधीच दिलेली वाट मोकळी करायची असते.

सुदृढ परतीची विहीर पाणी ओढून घेते. तिच्या माथ्यावरचा दाबमापक शून्यावर, कधी शून्याखालीही असतो. पाण्याचा स्तंभ आपल्याच वजनाने खाली जातो, पंपाची गरजही पडत नाही. विहीर आजारी पडायला लागली की काटा हळूहळू वर सरकतो. महिन्याला किंचित, वर्षाला ठळक. मग नळात दाब साठतो, सेपरेटरमधली पाण्याची पातळी चढते, आणि अखेर वरची उत्पादन विहीर आवरती घ्यावी लागते. वाफ आहे, टर्बाइन आहे, पण पाण्याला परत जायला वाट नाही म्हणून मेगावॅट कमी. हे नियंत्रणकक्षातल्या लोकांना पटवून देणं मला नेहमी कठीण गेलं, कारण त्यांच्या पडद्यावर कमतरता दिसते ती वाफेची. तिचं कारण मात्र दोन किलोमीटर खालच्या उतारावर असतं.

आमच्या चमूत एक वयस्क फोरमन होते. तिकडच्या भाषेत थोरल्या माणसाला आदराने ‘नोंग’ म्हणतात, आम्ही सगळे त्यांना तशीच हाक मारायचो. तोंगोनानच्या सुरुवातीच्या खोदकामापासून ते त्या डोंगरात होते. एखादी विहीर दाब दाखवायला लागली आणि वरून निरोप आला की अ‍ॅसिडची तयारी करा, तर ते मला बाजूला घेऊन म्हणायचे, “मॅम, आधी तिला विचारू या.” विचारायचं म्हणजे तपासायचं. मी त्यांच्याकडून शिकलेली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच, आणि माझ्या मते या विद्येचा अर्ध्याहून अधिक भाग या तपासणीत आहे.

पहिली तपासणी साधी असते. तारेला जड लोखंडी दांडा बांधून विहिरीत सोडायचा आणि तो कुठे अडतो ते पाहायचं. खोदली तेव्हाच्या तळाच्या कितीतरी वर अडला, तर विहिरीच्या पोटातच साका भरला आहे. अशा वेळी अ‍ॅसिड ओतणं म्हणजे ते दगडावर ओतणं. आधी रिग आणून ड्रिलने तो भाग साफ करावा लागतो. दांडा तळापर्यंत गेला, तर दुसरी तपासणी. तापमान, दाब आणि फिरत्या पात्याने प्रवाहाचा वेग मोजणारं उपकरण विहिरीत उतरवायचं आणि वरून पाणी सोडत राहायचं. पाणी कुठल्या खोलीवर बाहेर पडतं, पूर्वी कुठे पडायचं आणि आता कुठे पडत नाही, हे त्यावरून कळतं. तिसरी तपासणी म्हणजे पाण्याचा प्रवाह पायरीपायरीने वाढवत दाब मोजणं आणि मग प्रवाह एकदम थांबवून दाब कसा उतरतो ते टिपणं. त्या उतरत्या रेषेत सगळं उत्तर असतं. अडथळा विहिरीला चिकटून आहे की दूरवर, की अडथळा नाहीच आणि सबंध साठाच भरत आला आहे, हे ती रेषा सांगते.

हा शेवटचा फरक फार महत्त्वाचा. एका विहिरीच्या बाबतीत सगळ्यांची अपेक्षा होती की अ‍ॅसिडने काम होईल. दाब उतरण्याची रेषा पाहिली तर विहिरीभोवतालचा खडक अगदी स्वच्छ होता. त्या बाजूचा साठाच जास्त पाण्याने दाबाखाली आला होता. तिथे कितीही अ‍ॅसिड दिलं असतं तरी थेंबभर जागा वाढली नसती. आम्ही ‘नको’ असा अहवाल दिला आणि पाण्याचा काही भाग दुसऱ्या बाजूच्या विहिरींकडे वळवायला सुचवलं. या कामात ‘नको’ म्हणता येणं हे ‘हो’ म्हणण्याइतकंच कौशल्याचं आहे, आणि त्याला आधार लागतो तो मोजमापांचा.

तपासणीत अ‍ॅसिडचं काम आहे असं ठरलं, की साक्याचे नमुने माझ्याकडे येत. अस्फटिक सिलिका किती, लोखंडाचा गंज किती, चिकणमाती किती, कुठे कॅल्साइट किंवा अ‍ॅनहायड्राइट आहे का, हे पाहायचं. वेगवेगळ्या तीव्रतेच्या अ‍ॅसिडमध्ये तुकडे ठेवून वजन किती घटतं ते मोजायचं. काही विहिरींत त्रास सिलिकेचा नसतोच. खोदताना वापरलेला बेंटोनाइट मातीचा चिखल भेगांत अडकून राहिलेला असतो आणि विहीर जन्मापासूनच कमी पाणी घेते. हायड्रोक्लोरिक आणि हायड्रोफ्लोरिकच्या मिश्रणाला तेलक्षेत्रात ‘मड अ‍ॅसिड’ म्हणतात ते या चिखलामुळेच. फिलिपिन्समध्ये १९९० च्या दशकापासून जमिनीत पाणी परत सोडणाऱ्या विहिरींवर हे उपचार होत आले आहेत आणि क्षमता दुपटीहून अधिक वाढल्याच्या नोंदी तिथल्या अभियंत्यांनी प्रसिद्ध केल्या आहेत. रुळलेली रीत तीन टप्प्यांची. आधी १० टक्के हायड्रोक्लोरिक, मग १० टक्के हायड्रोक्लोरिक आणि ५ टक्के हायड्रोफ्लोरिकचं मिश्रण, आणि शेवटी सगळं पुढे ढकलून देणारं पाणी किंवा सौम्य अ‍ॅसिड.

या क्रमातला प्रत्येक टप्पा कशासाठी आहे हे समजलं, तेव्हा मला या रसायनशास्त्राबद्दल खरा आदर वाटू लागला. पहिल्या टप्प्यातलं हायड्रोक्लोरिक सिलिकेला काहीच करत नाही. ते फक्त वाटेतला चुना आणि कॅल्शियम धुऊन पुढे नेतं. ते कॅल्शियम तिथेच राहिलं तर मागून येणाऱ्या फ्लोराइडशी त्याचं कॅल्शियम फ्लोराइड बनेल, आणि ते इतकं अविद्राव्य की उघडायला गेलेली भेग कायमची बुजेल. मुख्य टप्प्यात हायड्रोफ्लोरिक सिलिकेला विरघळवून तिचं फ्लुओसिलिसिक अ‍ॅसिड करतं. ते द्रावणात राहतं, पण सोडियम किंवा पोटॅशियम भेटलं की पुन्हा घट्ट साका होऊन बसतं. म्हणून त्या दिवशी विहिरीजवळ ब्राइनचा थेंबही येऊ द्यायचा नाही, सगळं काम गोड्या पाण्यात. आणि तिसरा, पुढे ढकलून देणारा टप्पा, हा सगळ्यांत दुर्लक्षित. उत्पादन विहिरीत वापरलेलं अ‍ॅसिड लवकर बाहेर उपसून काढता येतं. परतीच्या विहिरीत ते पुढेच जाणार. मग ते इतक्या लांब ढकलून द्यायचं की तिथे पुन्हा काही बसलं तरी प्रवाहाला जाणवणार नाही. शेवटच्या टप्प्याचं पाणी कमी केलं की वेळ वाचतो, म्हणून तिथे नेहमी घासाघीस होते. मी त्या पाण्याच्या बाबतीत कधी तडजोड केली नाही.

अ‍ॅसिडच्या दिवशी आवारात बोलणं कमी होतं. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी सगळे पुन्हा पुन्हा पाहतात. हायड्रोफ्लोरिक थेट आणण्याऐवजी बहुधा अमोनियम बायफ्लोराइडची भुकटी हायड्रोक्लोरिकमध्ये मिसळून जागेवरच तयार करतात, त्यामुळे वाहतुकीचा धोका टळतो. मिसळताना मात्र तो असतोच. हे अ‍ॅसिड इतरांसारखं लगेच भाजत नाही. सौम्य असलं तर कातडीवर पडल्यावर कित्येक तास, कधी २४ तासांपर्यंतही दुखत नाही. तोवर फ्लोराइड आत शिरून रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून प्रत्येकाच्या जवळ कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल, शॉवर सतत चालू, सोडा अ‍ॅशची पोती हाताशी, आणि आदल्या दिवशी जवळच्या रुग्णालयाला कळवलेलं. नवीन मुलं विचारायची की एवढं कशाला. नोंग त्यांच्यासमोर स्वतः हातमोजे पाण्याने भरून, गळतात का ते तपासून दाखवायचे. भाषण देत नसत. त्यांचं पाहून सगळे आपापले मोजे तपासत.

प्रत्येक टाकीतला नमुना मी टायट्रेट करून तीव्रता ठरल्याप्रमाणे आहे ना हे पाहिलं, की पंपाला हिरवा कंदील. त्याआधी तासन्तास गोडं पाणी सोडून विहीर थंड केलेली असते, कारण लोखंडाला गंजापासून वाचवणारं रसायन जास्त उष्णतेत टिकत नाही, आणि ते निकामी झालं तर अ‍ॅसिड केसिंगलाच, म्हणजे विहिरीच्या लोखंडी अस्तरालाच, खाईल. मग विहिरीत सोडलेल्या नळीचं टोक हव्या त्या थरासमोर आणून एकेक टप्पा सोडायचा. विहिरीच्या खालच्या भागात भोकं असलेली नळी, म्हणजे लायनर, असते, तिच्या मागची पोकळी मोकळी असते, त्यामुळे अ‍ॅसिड एका ठिकाणी कोंडून ठेवता येत नाही. ते सोप्या वाटेने जायला बघतं आणि जो थर आधीच बरा आहे त्यालाच जास्त मिळतं. कुठला थर आधी, कुठला नंतर, टोक किती वेळ कुठे ठेवायचं, मध्ये फेस सोडून सोपी वाट तात्पुरती अडवायची का, या निर्णयांत आधीची तपासणी पुन्हा पुन्हा उघडून पाहावी लागते.

मुख्य मिश्रण थराला लागतं तो क्षण पडद्यावर कळतो. पंप त्याच वेगाने चालू असतो आणि दाबाची रेषा खाली झुकू लागते. आधी शंका येईल इतकी थोडी, मग स्पष्ट. पडद्यासमोरची माणसं काही बोलत नाहीत, पण खांदे सैल झालेले दिसतात. डोळ्यांनी न दिसणाऱ्या, दोन-दोन किलोमीटर खोल जागेत आपलं म्हणणं पोचलं, असं समाधान मला दुसऱ्या कुठल्याही कामात मिळालेलं नाही. तरी खरा निकाल त्या दिवशीचा नसतो. ब्राइन पुन्हा सोडल्यावर काही आठवडे, काही महिने काटा खाली राहतो का, हा निकाल.

आणि इथे मला जे सांगायचं आहे ते येतं. अ‍ॅसिड साका काढतं, साका बनण्याचं कारण काढत नाही. पाणी पूर्वीसारखंच गार आणि सिलिकेने भारलेलं येत राहिलं, तर विहीर पुन्हा तशीच भरते. पुन्हा उपचार करता येतो, पण प्रत्येक वेळी केसिंगवर थोडा घाला पडतो आणि खडकातल्या चिकणमातीची आणखी थोडी उलथापालथ होते. म्हणून मी प्रत्येक अहवालाचं शेवटचं पान विहिरीबद्दल न लिहिता वरच्या सेपरेटरबद्दल लिहू लागले. सेपरेटरचा दाब किती ठेवायचा, ब्राइन किती अंशांवर परत पाठवायची, नळ कुठे उघडा पडून गार होतो. जास्त वीज काढण्यासाठी पाणी आणखी गार करायचंच असेल, तर आधी त्याची तयारी हवी. किंचित आम्ल मिसळून सिलिकेचं कणांत रूपांतर होणं लांबवता येतं. कॅलिफोर्नियातल्या सॉल्टन सीच्या परिसरात, जिथे ब्राइनच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा विरघळलेले क्षारच असतात, तिथे मोठ्या टाक्यांत सिलिका मुद्दाम बसवून, गाळून, मगच पाणी जमिनीत सोडतात. या सगळ्याला खर्च आहे. पण तो वीज काढण्याच्याच हिशेबात धरला पाहिजे, विहीर बंद पडल्यावर दुरुस्तीच्या खात्यात टाकायचा नाही.

हे पटायला वेळ लागतो. सेपरेटरचा दाब वाढवून ब्राइन गरम ठेवली की आजची वीज थोडी कमी होते, ती आज दिसते. विहिरीचं वाढलेलं आयुष्य काही वर्षांनी दिसतं. एका ठिकाणी ही चर्चा वर्षभर चालली. शेवटी निर्णय बदलला तो आम्ही दोन्ही आकडे एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडले तेव्हा. आज सोडलेले मेगावॅट आणि पुढच्या उपचाराला लागणारा खर्च, बंद काळ आणि त्या काळात गमावलेले मेगावॅट. त्यानंतर तिथले उत्पादनाचे अभियंते आमच्या तपासणीच्या वेळी स्वतः विहिरीपाशी येऊन उभे राहू लागले. माझ्या दृष्टीने तो कुठल्याही अ‍ॅसिडच्या कामापेक्षा मोठा बदल होता.

लडाखच्या पुगा खोऱ्यात ओएनजीसीने भूऔष्णिक विजेसाठी विहिरी खोदायला घेतल्या आहेत. २०२२ मध्ये तिथल्या खोदकामात गरम पाणी वर येऊन पुगाच्या ओढ्यात गेल्याच्या बातम्या आपल्याकडे वाचल्या गेल्या. वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ अशा गरम कुंडांशी आपलं नातं जुनं आहे, आणि भारतात ही वीज येणार म्हटलं की मलाही आनंद होतो. पण आपल्या आराखड्यांत, सादरीकरणांत, बातम्यांत वाफ किती अंशांची आणि मेगावॅट किती, हेच पहिल्या पानावर असतं. परतीची विहीर कुठे, तिच्यात जाणारं पाणी किती गरम, त्यात सिलिका किती, तिची तपासणी वर्षातून किती वेळा, हे प्रश्न मागच्या पानांत जातात किंवा येतच नाहीत. ते पहिल्या पानावर यावेत. उपसणारी विहीर खोदण्याआधी परत घेणारी विहीर ठरलेली असावी, तिच्या देखभालीचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला काढलेले असावेत आणि ती सांभाळणाऱ्या माणसाला उत्पादनाच्या बैठकीत बसायला खुर्ची असावी. अक्षय ऊर्जा म्हणून आपण जिचं नाव घेतो ती अक्षय राहते, ती तिच्यातून घेतलेलं पाणी नीट परत देण्याची तयारी आपण ठेवली तरच.